पंडितांसारखा वाद

शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीकडून एक लेख हवा, असा निरोप आला तेव्हा आम्ही एकमेकांना फोन केले. कोणी म्हणाले, पहाटेच्या बुद्धवंदनेवर लिहू. कोणी म्हणाले, भोजनगृहातल्या भाकरी-आमटीवर लिहू. पण आम्ही चौघे-पाचजण कुठेही भेटलो की बोलणे फिरून फिरून त्याच भोजनगृहाच्या कोपऱ्यातील टी.व्ही.वर आणि त्यावर लागणाऱ्या ‘कॅप्टन व्योम’ या मालिकेवर येते. तिच्यावरून आम्ही जितके भांडलो तितके परीक्षेतील गुणांवरूनही भांडलो नाही. त्या भांडणांतून आम्ही काय शिकलो आणि त्यापायी एका मुलाचे काय देणे लागतो, हे एकदा लिहून टाकावे, म्हणून हा लेख.

सोलापूर-पुणे रस्त्यालगतची चिंचोळी एमआयडीसी त्या काळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना तो मुरमाड माळ आठवेल. बाभळी, मधूनच ज्वारीची पट्टी, सूत, रसायने, यंत्रांचे सुटे भाग यांचे कारखाने आणि पाळी बदलली की वाजणारे भोंगे. रात्री पाकणीच्या बाजूने आगगाडीचा आवाज येई. आमचे आईवडील कोणी यंत्रमागावर, कोणी वीटभट्टीवर, कोणी उसाच्या फडात. कोणाची आई विड्या वळणारी. ‘त्यांनी तुम्हाला इथं शिकायला ठेवलंय, टी.व्ही. बघायला नाही,’ असे अधीक्षक सर दर आठवड्याला ऐकवत आणि मग स्वतःच खुर्ची पुढे ओढून बसत.

टी.व्ही. कृष्णधवल होता. वारा सुटला की पडद्यावर मुंग्या येत. मग एकाने गच्चीवर अँटेना फिरवायची, दुसऱ्याने जिन्यात उभे राहायचे आणि तिसऱ्याने खिडकीतून ‘आलं, आलं… गेलं बे!’ असे ओरडायचे. ज्याची पाळी गच्चीवर असे त्याला मालिका ऐकूनच समाधान मानावे लागे.

१९९८ साली दूरदर्शनवर ‘कॅप्टन व्योम’ नव्याने सुरू झाली. दिग्दर्शक केतन मेहता आणि व्योमच्या भूमिकेत मिलिंद सोमण. भविष्यकाळ, अवघ्या पृथ्वीचे एक सरकार, त्या सरकारचा प्रमुख टॉम आल्टर, आणि अंतराळातील तुरुंगातून निसटलेले बारा भयंकर गुन्हेगार. त्यांना एकेक करून पकडायचे, हे व्योमचे काम. आदल्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९९७ रोजी, कर्नालची कल्पना चावला ‘कोलंबिया’ यानातून अंतराळात गेली होती. तिचे वर्तमानपत्रातून कापलेले छायाचित्र आमच्या भित्तिपत्रकावर होते. त्यामुळे अवकाशयान ही आम्हाला निव्वळ परीकथा वाटत नव्हती.

भाग संपला की खरी सभा भरे. पहिली फूट ‘शक्तिमान’वरून पडली. तीही मालिका तेव्हा जोरात होती. शक्तिमानचे बळ योगसाधनेतून, कुंडलिनीतून आलेले. व्योमचे बळ यंत्रातून. एक पक्ष म्हणे, यंत्र बिघडले की व्योम संपला. दुसरा म्हणे, यंत्र बिघडले तर दुरुस्त तरी करता येते. कुंडलिनी बिघडली तर कोणत्या मेस्त्रीकडे न्यायची? आमच्यातले बरेचसे वडिलांच्या हाताखाली यंत्रमागाचे नट-बोल्ट पिळून आलेले असल्यामुळे हा मुद्दा बिनतोड ठरला.

दुसरा वाद आडनावावरून झाला. व्योम म्हणजे आकाश, हे संस्कृतच्या सरांनी सांगितले होते. पण व्योम कोण? त्याचे आडनाव काय? गावात, एस.टी.त, तालुक्याच्या कचेरीत आम्हाला नावाआधी आडनाव विचारले जाई आणि ते का विचारले जाते हे आम्हाला नीट कळत होते. म्हणून मालिकेत कोणीच कोणाला आडनाव विचारत नाही, ही गोष्ट आम्हाला यानांपेक्षा आणि शस्त्रांपेक्षा अधिक नवलाची वाटली. काहींनी हौसेने त्याला आडनावे देऊन पाहिली : व्योम कांबळे, व्योम सरवदे, व्योम गायकवाड. आम्ही खूप हसलो. त्या हसण्याखाली एक प्रश्न होता, तो त्या वेळी कोणी मोठ्याने विचारला नाही. त्या यानात आपल्यातले कोणी असेल का?

हा प्रश्न केवळ आमचाच नव्हता, हे पुढे वाचनातून कळले. १९६६ साली अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ ही अंतराळावरील मालिका सुरू झाली. तीत निशेल निकोल्स ही कृष्णवर्णीय अभिनेत्री यानावरील अधिकारी होती. पहिल्या वर्षानंतर तिने मालिका सोडायचे ठरवले, तेव्हा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांनी भेटून तिला थांबवले, असे ती पुढे सांगत असे. भविष्यकाळाच्या चित्रात आपली माणसे दिसली पाहिजेत, हे त्यांचे म्हणणे. चिंचोळीच्या माळावर आडनावांची थट्टा करणारी आम्ही पोरेही तेच शोधत होतो.

नायकाचे नाव मात्र आम्हाला भलतेच आवडले होते. आमच्याच शाळेत दोन मिलिंद होते. ‘मिलिंद आहे म्हणजे आपलाच असणार,’ असे एकाने ठोकून दिले आणि काही दिवस ते आमच्यात सर्वमान्य सत्य होते. त्या नावाची खरी ओळख आम्हाला पुढे झाली, आणि ती एका लाजिरवाण्या प्रसंगातून झाली.

आमच्यात बीडकडचा एक मुलगा होता. सहावीत, अंगाने किरकोळ. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. तो बोलायचा कमी, पण पाहायचा फार. एका भागात यानाचा मोठा स्फोट झाला. भोजनगृह दणाणले. भाग संपल्यावर तो म्हणाला, ‘तिथं हवा नसती. मग आवाज कशाचा झाला?’

आम्ही त्याला उडवून लावले. मोठ्या वर्गातील एक जण म्हणाला, ‘एवढं मोठं यान फुटलं अन् आवाज नाही व्हय बे?’ तो मागे हटला नाही. माळाच्या पलीकडे दगडाची खाण होती. तिथे दुपारी सुरुंग उडत. आधी धुळीचा लोट दिसतो आणि धडाका मागाहून ऐकू येतो, हे त्याने हेरून ठेवले होते. ‘आवाज चालत येतो,’ तो म्हणाला. ‘चालायला वाट लागती. त्याची वाट म्हंजी हवा. वाटच नसल तर कसा यील?’

आज लिहिताना त्या युक्तिवादाची ताकद कळते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे किलोमीटरभर अंतराला त्याला तीन सेकंद लागतात. ती तीन सेकंदे त्या मुलाने पुस्तकाशिवाय, खाणीकडे पाहत मोजली होती. पण त्या दिवशी आम्हाला एवढेच दिसले की सहावीतला एक पोरगा आमच्या आवडत्या मालिकेला खोटे म्हणतो आहे. कोणी त्याला ढकलले. कोणी त्याची पितळी लांब सरकवली. आणि मग आम्ही ठरवले : याच्याशी कोणी बोलायचे नाही.

आठ दिवस आम्ही त्याच्याशी बोललो नाही. पंगतीत त्याच्या शेजारी जागा रिकामी राही. त्याच भोजनगृहाच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या जीवनाचा तक्ता लावलेला होता आणि त्यावर १९२७ सालापुढे ‘बहिष्कृत भारत’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले होते. बहिष्कार या शब्दाचा अर्थ आम्ही इतिहासाच्या तासाला पाठ म्हणून दाखवत होतो. आमच्या आजोबांनी तो सोसला होता. त्या तक्त्याखाली बसून आम्ही तो एका मुलावर घातला आणि आमच्यापैकी एकालाही त्यात काही वावगे दिसले नाही.

त्या वर्षी वर्षावासानिमित्त एक वृद्ध भन्तेजी शाळेत मुक्कामाला होते. पंगतीतील रिकामी जागा त्यांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी चौकशी केली, पण कोणाला रागावले नाहीत. संध्याकाळच्या धम्मवर्गात त्यांनी विचारले, ‘तुमच्या त्या टी.व्ही.वरच्या हिरोचं नाव काय?’ आम्ही एका सुरात सांगितले. ‘मग मिलिंद कोण होता, ते ऐका.’

मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतात सागल ही त्याची राजधानी होती. मोठा वादपटू. त्याच्यासमोर कोणी पंडित टिकत नसे. त्याची भिक्खू नागसेनांशी भेट झाली. वाद सुरू करण्याआधी नागसेनांनी एक अट घातली : महाराज, पंडितांसारखा वाद करणार असाल तर बोलतो, राजासारखा करणार असाल तर नाही. राजाने फरक विचारला. नागसेन म्हणाले, पंडितांच्या वादात एकमेकांचे म्हणणे उलगडले जाते, खोडले जाते, चूक दाखवली जाते, चूक कबूलही केली जाते आणि त्यावरून कोणी रागावत नाही. राजे मात्र एक गोष्ट धरून बसतात आणि जो ती मान्य करत नाही त्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने पंडितांसारखा वाद करण्याचे कबूल केले. त्याला हवे ते दंडाने मिळवता आले असते, पण त्याने प्रश्नांनीच मिळवायचे ठरवले. औरंगाबादेत १९५० साली बाबासाहेबांनी उभे केलेले महाविद्यालय त्याच मिलिंदाचे नाव घेऊन उभे आहे आणि त्याच्या परिसराला नागसेनवन म्हणतात, हेही भन्तेजींनी सांगितले.

मग त्यांनी रथाची गोष्ट सांगितली. नागसेनांनी राजाला विचारले होते, तुम्ही रथातून आलात, तर रथ म्हणजे काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणाला. या सर्वांच्या योगाने ‘रथ’ हे केवळ नाव पडते, हे शेवटी त्याच्याच तोंडून निघाले. भन्तेजी आमच्याकडे पाहून म्हणाले, ‘तुमचं अवकाशयान म्हणजे काय? नळकांडं? इंजिन? कॅप्टन? आणि तुमची पंगत म्हणजे काय? एक पान उठवलं तर तिला पंगत म्हणायची का?’

कोणी उत्तर दिले नाही. दुसऱ्या दिवशी पंगतीतली जागा भरली. आम्ही त्याच्याशी पुन्हा बोलू लागलो. क्रिकेटवर बोललो, मालिकेवर बोललो, वीज गेली की वसाहतीतील दिव्यांवाचून एकदम भरून येणाऱ्या आकाशाकडे त्याच्या सोबत पाहिले. त्या दिवसांत गुरू संध्याकाळी पूर्वेला तेजाने उगवत असे. फक्त एक वाक्य आम्ही बोललो नाही : तुझे बरोबर होते आणि आमचे चुकले. ते बोलायला आम्हाला वेळ आहे, असे वाटत होते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तो परत आला नाही. त्याच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. त्याची आई आजारी पडली आणि अर्धा कोयता रिकामा झाला. तो त्याने भरला. शाळेने निरोप पाठवले, गुरुजी गावी जाऊन आले, पण कुटुंब कोणत्या कारखान्याच्या फडावर आहे हे गावातही कोणाला नेमके सांगता आले नाही.

पुढे वरच्या वर्गात ध्वनीचा पाठ आला. काचेच्या हंडीत वाजणारी विजेची घंटा, हंडीतील हवा पंपाने काढून घेतली की आवाज क्षीण होत जातो, घंटेचा टोला मात्र दिसत राहतो, अशी आकृती पुस्तकात होती. १६६० च्या सुमारास रॉबर्ट बॉइल यांनीही पात्रातील हवा उपसून आवाज असाच क्षीण होताना ऐकला होता. सर फळ्यावर आकृती काढत होते आणि आम्ही मागच्या बाकांवरून एकमेकांकडे पाहत होतो. आणखी पुढे कळले की १९६८ सालच्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ या चित्रपटात दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक यांनी अंतराळातील प्रसंगांत मुद्दाम शांतता राखली होती. जगभरातील विज्ञानकथेचे जाणते रसिक जी तक्रार करत आले, ती आमच्या भोजनगृहात एका ऊसतोड कामगाराच्या मुलाने स्वतःच्या निरीक्षणावर केली होती.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चांद्रयान-३ चा ‘विक्रम’ चंद्रावर उतरला. आम्ही पुणे, सोलापूर, मुंबई, जिथे होतो तिथून पाहत होतो. आमच्या तुकडीच्या व्हॉट्सअॅप गटावर अभिनंदनाचा पाऊस पडला. त्यात एकाने फक्त एवढेच लिहिले : ‘उतरताना चंद्रावर आवाज झाला नसेल.’ त्यानंतर बराच वेळ गटावर कोणी काही लिहिले नाही. सगळ्यांना एकच चेहरा आठवत होता.

आता आमच्या घरी आमची मुले नव्या मालिका पाहतात आणि त्यांवरून तावातावाने भांडतात. आम्ही त्यांना थांबवत नाही. भांडणात एखादा एकटा पडताना दिसला की मात्र त्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्यायला लावतो. शाळेत आज शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आमचे एवढेच सांगणे आहे. बाबासाहेबांनी आपल्याला प्रश्न विचारायचा हक्क मिळवून दिला. तो हक्क आपल्या शेजारच्या पानावर बसलेल्यालाही आहे.

ही स्मरणिका गावोगावच्या माजी विद्यार्थ्यांपर्यंत जाणार आहे. ती बीडकडच्या त्या आमच्या मित्राच्या हाती पडावी, किंवा त्याला ओळखणाऱ्या कोणाच्या तरी हाती पडावी. मित्रा, तुझे म्हणणे बरोबर होते. आम्ही चुकलो, आणि चुकल्यावर राजांसारखे वागलो. शाळेच्या मेळाव्याला ये. पंगतीत तुझी जागा आम्ही धरून ठेवू.

जयभीम.