बोलत बोलत जावे

वाचकहो, आपल्या घरी स्मृतिभ्रंश झालेले वडीलधारे माणूस असेल, तर ‘मला ओळखलंत का?’ हा प्रश्न आपणही कधी ना कधी विचारला असेल. मी तो दोन वर्षे रोज विचारीत होते. माझे वडील वनखात्यात होते. त्यांची बहुतेक नोकरी आलापल्लीच्या सागवनात झाली. अलीकडे ते मला कधी ‘ताई’ म्हणत, कधी नुसते पाहत राहत. आंघोळीसाठी हात धरला की हिसडा देत. एकदा मी त्यांच्यावर ओरडले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

हिवाळ्यात भाऊ म्हणाला, ‘बाबांना त्यांचं जंगल दाखवून आणू.’ वाटेत विसावे घेत आम्ही चंद्रपूरहून आलापल्लीमार्गे भामरागड तालुक्यातील हेमलकशाला पोहोचलो. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी १९७३ पासून माडिया आदिवासींसाठी उभारलेला लोकबिरादरी प्रकल्प तो हाच. तेथे प्राण्यांचे अनाथालयही आहे. भुकेपोटी शिकार करून परतणाऱ्या माडियांजवळ डॉक्टरांना एक मेलेली माकडीण दिसली. तिचे जिवंत पिल्लू तिला बिलगून होते. ते त्यांनी मागून घेतले. पुढे बिबटे, अस्वले, हरणे अशी अनेक पोरकी पिल्ले तेथे वाढली.

आलेल्या पाहुण्यांना तेथे प्राण्यांची ओळख करून देतात. आम्ही जाळीबाहेर उभे राहून ऐकत होतो. अस्वलापाशी आल्यावर बाबा अचानक बोलू लागले, ‘याला नीट दिसत नाही. आपण न बोलता एकदम जवळ गेलो की घाबरतं, मग अंगावर येतं. मोहफुलांच्या दिवसांत बोलत बोलत जावं.’

कित्येक महिन्यांत ते सलग इतके बोलले नव्हते. शेजारची मुले त्यांच्याकडे पाहत होती. आणि मला आठवले, मी रोज पाठीमागून येऊन, काहीही न सांगता, त्यांचा दंड धरीत होते.

माणसाची जनावराशी तुलना करण्याचा माझा हेतू नाही. परंतु दचकलेल्या जिवाची भीती आपण राग समजतो, ही चूक माझ्या हातून घडली होती.

घरी परतल्यावर मी काही गोष्टी बदलल्या. त्यांच्या समोरून जाते, नजर मिळेपर्यंत थांबते. ‘बाबा, मी तुमची मुलगी, पाणी तापलं आहे,’ असे सांगते. मगच हात पुढे करते. परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न विचारीत नाही. आंघोळीची वेळ एकच ठेवते. नको म्हणाले, तर अर्ध्या तासाने पुन्हा येते. आपणही हे करून पाहावे. मात्र रुग्णाच्या वागण्यात एक-दोन दिवसांत एकाएकी फरक पडला, तर तो केवळ विस्मरणाचा भाग मानू नये. लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा एखादे दुखणेही त्यामागे असू शकते. डॉक्टरांना अवश्य दाखवावे.

बाबा आजही मला बहुधा ताईच म्हणतात. हिसडे पूर्ण थांबलेले नाहीत, पण कमी झाले आहेत. परवा मी न्हाणीघराच्या दारात बोलत बोलत आले, तेव्हा त्यांनी आपणहून हात पुढे केला.