सरासरीत न दिसणारी संस्था

आमची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. सभासदाने किती लिटर दूध घातलं, फॅट किती, एसएनएफ किती, दहा दिवसांचं बिल किती झालं, हे सगळं पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये साठतं. त्यातून माहिती मागायची म्हणजे क्वेरी करायची. सूची नसलेल्या जाडजूड वहीत एक नाव शोधायचं तर सगळी पानं उलटावी लागतात. सूची, म्हणजे इंडेक्स, असेल तर थेट पान उघडता येतं. कोणत्या वाटेने जायचं हे डेटाबेसमधला प्लॅनर ठरवतो. प्रत्येक वाटेचा अंदाजे खर्च काढून स्वस्त वाट निवडायची, ही पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या आयबीएममधल्या सहकाऱ्यांनी १९७९ साली मांडली. पोस्टग्रेसचा प्लॅनर आजही खर्चाच्या अंदाजावरच चालतो.

हा अंदाज कुठे चुकतो ते शोधणं हे माझं आवडतं काम. आकडेवारीतून जड क्वेरी निवडायची, 'एक्सप्लेन'ने तिचा प्लॅन काढायचा, तो आतून बाहेर वाचत जायचा. यात सहज अर्धा दिवस जायचा. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला आणि एआय एजंटच्या हाती अशी हत्यारं देणं सोपं झालं. आता आमचा एजंट जड क्वेरींची यादी काढतो, प्लॅन वाचतो आणि हायपोपीजी वापरून 'इथे इंडेक्स असता तर?' असं प्लॅनरलाच विचारतो. इंडेक्स प्रत्यक्ष बांधावा लागत नाही. सगळं मिळून पाच-सात मिनिटं. पहिल्याच आठवड्यात त्याने सुचवलेले तीन इंडेक्स चांगले होते. चौथा मी नाकारला, कारण प्रत्येक इंडेक्सची किंमत नवी नोंद लिहिताना मोजावी लागते आणि सकाळी आमच्याकडे नोंदीच नोंदी असतात.

मग एका संस्थेची तक्रार आली. सकाळी सातच्या सुमारास, दूध घालायला रांग लागलेली असताना, सभासदाचं चालू बिल उघडायला चार-पाच सेकंद लागतात. एजंटला विचारलं. त्या क्वेरीचा सरासरी वेळ नऊ मिलिसेकंद आहे, काळजीचं कारण नाही, असं त्याने सांगितलं. कमाल वेळ मात्र चार हजारांच्या वर आहे, हेही त्याने प्रामाणिकपणे नोंदवलं आणि एखादं लॉक असावं असा तर्क केला.

त्याच्यासमोर जे होतं त्यावरून तो तर्क वाजवीच होता. पोस्टग्रेसची ही आकडेवारी एकसारख्या क्वेरी एकत्र मोजते. त्यासाठी प्रत्यक्ष किमती पुसून त्या जागी नुसती खूण ठेवते. संस्था क्रमांक गेला, सभासद क्रमांक गेला, उरला फक्त सांगाडा. पन्नास-साठ सभासदांच्या शेकडो संस्था आणि अकराशे सभासदांची ही एक संस्था, सगळ्यांची मिळून सरासरी नऊ.

आमच्या सपोर्टमधल्या ताईंनी संस्थेच्या सचिवांना फोन करून नेमकी वेळ विचारली. सचिव म्हणाले, "पहिल्यांदा उघडलं की झटक्यात येतं बघा, मग अडकायला लागतं." या वाक्याने काम झालं. तयार करून ठेवलेल्या क्वेरीला पोस्टग्रेस एका कनेक्शनवर पहिल्या पाच वेळा खऱ्या किमती बघून प्लॅन करतं. सहाव्या वेळेपासून, खर्च परवडतोय असं वाटलं तर, सगळ्यांना एकच सर्वसाधारण प्लॅन लावतं. तो प्लॅन मध्यम आकाराच्या संस्थेसाठी ठीक होता. मोठ्या संस्थेला तोच अडकवत होता. संस्था क्रमांक आणि हा संशय सांगितल्यावर एजंटने दोन मिनिटांत तो सिद्ध करून दाखवला. उत्तर त्याला ठाऊकच होतं. कोणासाठी शोधायचं, हे ठाऊक नव्हतं.

मग त्याला लॉगच का दाखवू नये? मंद क्वेरींच्या लॉगमध्ये खऱ्या किमती असतात. पण त्यात शेतकऱ्यांची नावं आणि बँक खात्यांचे क्रमांकही येतात, म्हणून तर तो आम्ही त्याच्यापासून दूर ठेवला होता. माणूस पुसला तर माहिती सुरक्षित राहते, आणि पुसल्यामुळेच थांबलेला माणूस दिसत नाही. यावर आमच्या टीममध्ये दोन दिवस वाद झाला. शेवटी मधली वाट निघाली: लॉगमधून फक्त संस्था क्रमांक, वेळ आणि लागलेले मिलिसेकंद वेगळे काढून एजंटला द्यायचे. बाकी काही नाही.

त्या एका क्वेरीला आम्ही दर वेळी नवा प्लॅन करायला लावलं. अशाने प्लॅनिंगचा किंचित वेळ सगळ्याच संस्थांना लागतो. लहान संस्थांना तो जाणवणारही नाही. टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "सरासरी तर वाढली, मग सुधारणा कुठे झाली?" मी त्याला सचिवांचा नंबर दिला आणि उद्या सकाळी सातला फोन कर म्हटलं.