नंबर लागतोच

अमेरिकेतल्या कॉलेजांत नवं वर्ष सुरू झालं, की विद्यार्थ्यांच्या संस्था हिरवळीवर टेबलं मांडून बसतात. त्यांत पुष्कळ ठिकाणी क्लब सॉफ्टबॉलचंही एक टेबल असतं. कधी बॅटही न धरलेल्या मुलीने तिथे नाव द्यावं का? याबाबत तिला दोन तऱ्हेचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, बाकीच्या मुली प्राथमिक शाळेपासून खेळत आल्या आहेत, तुझं तिथे काय काम? दुसरा म्हणतो, जा की, गंमत म्हणून जा. मला दुसरा सल्ला पहिल्याइतकाच चुकीचा वाटतो. तो दिसायला प्रेमळ आहे, पण त्याने त्या मुलीला आधीच लिंबूटिंबू ठरवून टाकलेलं असतं: अंगणातल्या खेळात धाकट्या भावंडाला घेतात तसं खेळू द्यायचं आणि त्याचं आउट होणं मोजायचं नाही. सॉफ्टबॉलच्या नियमांत लिंबूटिंबूची सोयच नाही. संघात आलेली प्रत्येक जण तिथे पुरती मोजली जाते, आणि नवखीने तिथे जावं ते याच कारणासाठी, असं माझं म्हणणं आहे.

आधी क्लब म्हणजे काय ते पाहू. अमेरिकी कॉलेजातल्या खेळाचे ढोबळ तीन थर आहेत. वर व्हार्सिटी: पगारी प्रशिक्षक, शिष्यवृत्त्या, शाळेत असतानाच हेरलेल्या खेळाडू. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर मुलींच्या खेळांना विद्यापीठांत हक्काची जागा मिळाली, आणि एनसीएए या कॉलेज-क्रीडा संघटनेची सॉफ्टबॉल अजिंक्यपद स्पर्धा १९८२ पासून सुरू आहे. खाली इंट्राम्युरल, म्हणजे कॉलेजातल्या कॉलेजात, बहुतेक वेळा हळू चेंडूचा खेळ. मधला थर क्लबचा. तो विद्यार्थीच चालवतात: अध्यक्ष आणि खजिनदार निवडायचे, वर्गणी काढायची, मैदान मिळवायचं, दुसऱ्या कॉलेजांशी सामने ठरवायचे आणि गाड्या चालवत तिथवर जायचं. यातल्या बऱ्याच जणी शाळेच्या संघातून खेळलेल्या असतात. कुणाची व्हार्सिटीत निवड झालेली नसते, कुणाला तिथलं वेळापत्रक नको असतं. म्हणजे नवखीची भीती खोटी नाही. तिला खरोखरच जाणत्या मुलींमध्ये उभं राहायचं असतं.

आता नियमांकडे या. सामना सात डावांचा, प्रत्येक डावात तीन जणी बाद, म्हणजे एकूण एकवीस. समजा संघातल्या एकीलाही पहिला बेस गाठता आला नाही, तरी एकवीस वेळा कुणीतरी बॅट घेऊन उभं राहणारच, आणि क्रम नऊजणींचा असल्यामुळे प्रत्येकीचा नंबर निदान दोनदा लागणारच. यजमान संघ पुढे असला तर शेवटचा अर्धा डाव खेळला जात नाही. तरी अठरा उरतात, म्हणजे दोनदा. आठ धावांच्या आघाडीमुळे पाचव्या डावानंतर खेळ थांबला, तरी एकदा तरी बॅट हातात येतेच. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना याची सवय नाही. आपला दहाव्या क्रमांकाचा गडी पॅड बांधून बसतो आणि सामना संपल्यावर सोडतो. सलामीवीर पहिल्या चेंडूवर गेला तर त्याचा तो डाव संपला. बास्केटबॉलमध्ये तर सगळे चेंडू एकाच हुकमी खेळाडूकडे देता येतात. सॉफ्टबॉलमध्ये कर्णधाराने कितीही ठरवलं, तरी शेवटच्या डावात दोन जणी बाद असताना क्रमातल्या दुसरीला पुढे आणता येत नाही: नंबर जिचा, तिनेच जायचं, नाहीतर बाकावरून बदली पाठवायची. शिवाय दहापैकी चार वेळा हिट, म्हणजे बेस मिळवून देणारा फटका, मारणारी फलंदाज फार मोठी समजली जाते. उत्तमांच्याही वाट्याला बहुतांश वेळा अपयशच येत असेल, तर नवखीचं बाद होणं ही काही वेगळ्या जातीची घटना ठरत नाही.

यावर कुणी म्हणेल, फलंदाजीचं ठीक, पण क्षेत्ररक्षणात ती उघडी पडते. धावफलकावर धावा आणि हिट यांच्या शेजारी चुकांचा तिसरा रकाना असतो. क्रिकेटच्या धावफलकावर सुटलेले झेल छापत नाहीत. इथे मात्र चूक खेळाडूच्या नावावर चढते. हे निर्दय वाटतं खरं. पण चूक कशाला म्हणतात ते पाहिलं, की चित्र पालटतं. साधारण प्रयत्नात जो चेंडू अडवायला हवा होता, तो हुकला तरच ती चूक. जिथे ती पोहोचूच शकली नसती, असा चेंडू फलंदाजाची हिट म्हणून लिहितात. म्हणजे ज्या नवखीचे पाय अजून वेळेवर हलत नाहीत, तिच्या नावावर चुका कमीच दिसतील. चेंडूचा अंदाज येऊ लागला, ती वेळेवर पोहोचू लागली, की मग त्या दिसू लागतील. तो रकाना वाचायची रीत बहुतेकांची उलटी असते, त्याला काय करणार.

वेगाचा आक्षेप याहून भक्कम आहे. १८८७ साली शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात काही मंडळींनी बॉक्सिंगचा हातमोजा गुंडाळून काठीने टोलवला आणि त्यातून हा खेळ निघाला, तेव्हा सगळेच नवखे होते, असं सांगून समजूत घालण्यात अर्थ नाही. तो खेळ आता राहिलेला नाही. चेंडू मऊ नसतो, आणि पिचर ४३ फुटांवरून हात गरकन फिरवून तो फेकते. ताशी ६० मैलांचा चेंडू सेकंदाला ८८ फूट जातो, म्हणजे फलंदाजाकडे अर्धा सेकंदही नसतो. तिसऱ्या बेसवर उभ्या मुली तोंडाला जाळी लावून खेळतात, ते उगीच नाही. म्हणून पिचर, कॅचर आणि आतल्या क्षेत्रातल्या जागा पहिल्या वर्षी तिच्या नव्हेत, हे मी सरळ मान्य करतो. तिला बहुधा राइट फील्ड, म्हणजे मैदानाची उजवी बाहेरची बाजू, मिळेल. ती जागा अडगळीची समजतात, कारण उजव्या हाताच्या फलंदाजांचे फटके जास्त करून दुसरीकडे जातात. पण आत अडवलेला चेंडू पहिल्या बेसकडे फेकला गेला, की तो सुटलाच तर अडवायला मागे धावणं हे राइट फील्डरचं काम. ते जवळजवळ प्रत्येक वेळी करावं लागतं, आणि त्याला कसबापेक्षा लक्ष जास्त लागतं.

राहिला सगळ्यात अवघड आक्षेप. नंबर लागतो तो पहिल्या नऊजणींचा. बाकावर बसलेलीला क्रमाचं गणित काय कामाचं? आणि ज्या मुली वर्गणी भरून जिंकायला आल्या आहेत, त्यांनी हिच्यासाठी सामना का घालवावा? नियम दार उघडत नाही, हे खरं. ते क्लबनेच उघडावं लागतं. पण उघडण्याची किंमत कमी राहील अशी व्यवस्था खेळात आहे. सुरुवातीला खेळणारी मुलगी बाहेर गेली, तरी क्रमातल्या आपल्याच जागी एकदा परत येऊ शकते. म्हणजे सामना हातात असताना नवखीला दोन डाव द्यायचे आणि गरज पडली तर जाणतीला परत बोलवायचं, हे शक्य आहे. न करणाऱ्या कर्णधाराला नियमाची सबब नाही.

आपल्याकडे गोष्ट उलटी घडते. गल्लीत कुणी सॉफ्टबॉल खेळत नाही, त्यामुळे महाराष्ट्रात जवळपास प्रत्येक मुलगी या खेळात नवखी म्हणूनच येते, बहुतेक वेळा शाळेतल्या क्रीडाशिक्षकांनी लांब फेक पाहून उचललेली. पुढे मात्र दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण यांमुळे प्रमाणपत्राला मोल येतं आणि संघ निवडताना पदकाचा हिशेब होतो. तो चूक म्हणवत नाही. गरिबाघरच्या मुलीला त्याचा आधार आहे. पण कॉलेजात जिमखान्याची फी सगळ्याच भरतात, आणि अठराव्या वर्षी खेळावंसं वाटलेल्या मुलीने कुठे जायचं, याला जिमखान्यात उत्तर नसतं.

अमेरिकी क्लबला ते उत्तर शोधावंच लागतं, आणि यात औदार्याचा भाग थोडा आहे. आज मैदानात असलेल्या जवळपास सगळ्या जणी चार वर्षांत पदवी घेऊन निघून जाणार असतात. फक्त तयार खेळाडू घेणाऱ्या क्लबला त्या दरवर्षी मिळतीलच असं नाही. शिवाय सरावात फटके अडवायला माणसं लागतात, प्रवासखर्च जितक्या जणींत वाटला जाईल तितका हलका होतो, आणि हिशेब ठेवायलाही कुणीतरी हवंच. मला विचाराल तर पुढच्या वर्षीची खजिनदार निवडताना त्यांनी राइट फील्डमधल्या मुलीकडे आधी पाहावं. वर्गणी भरून बाकावर बसण्यात काय मिळतं आणि काय नाही, हे तिच्याइतकं नेमकं दुसरीला सांगता येणार नाही.