मोर, मेकअपशिवाय

‘आमच्या वरणगावला शेतात मोर येतात,’ असं ऑफिसमध्ये सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला – ‘नाचतात का रे?’ जणू तिकडे रोज शो असतो! बॉस, मोर नाचतो तो सीझनपुरता. बाकीचे महिने तो पोटापाण्याच्या मागे असतो, तुमच्या-आमच्यासारखाच.

मुळात मोर म्हणजे फेजंट. कोंबडी, तितर यांच्याच खानदानातला. त्यामुळे उडण्यापेक्षा चालणं पसंत. पहाटे उंच झाडावरून उतरायचं, बांधाबांधानं दाणे, किडे, सरडे, जमलंच तर छोटा साप टिपायचा, दुपारी सावलीत पडायचं आणि अंधाराच्या आत पुन्हा झाडावर. तो फेमस पिसारा त्याची शेपटी नसतोच. खरी शेपटी मागे असते, आखूड आणि तपकिरी. तिच्याच टेकूवर पिसारा उभा राहतो. पावसाळा सरता सरता ही लांब पिसं गळून जातात. दिवाळीत घरी गेलं की हा हिरो पटकन ओळखूसुद्धा येत नाही!

लांडोरीकडे तर कुणी कॅमेराच वळवत नाही. झुडपाखाली जमिनीवर ४ ते ६ अंडी घालायची, साधारण २८ दिवस एकटीनं उबवायची, मग पिल्लं सांभाळायची, हे सगळं तिचं खातं. मोर या भानगडीत पडत नाही. मातकट रंग आणि दाट झुडूप, एवढीच तिची सिक्युरिटी.

आणि गोची नेमकी तिथेच आहे. मोर १९६३ पासून राष्ट्रीय पक्षी, १९७२च्या वन्यजीव कायद्याचं त्याला संरक्षण. पण पेरलेला भुईमूग तो उकरून खातो, तेव्हा काका वैतागतात, ‘‘तुमाले फोटो पाह्यजे, दाने तं आमचे जाऊन राह्यले ना भो!’’ त्यांचं चुकत नाही. आता तर बोरी-बाभळीचा बांध सपाट करून केळीच्या दोन ओळी वाढवायचा त्यांचा विचार आहे. मग लांडोरीनं अंडी घालायची कुठे?

यंदा जूनमध्ये यावरून घरात चांगलीच जुंपली. शेवटी आजीनं निकाल दिला, ‘‘तिचं बाळंतपन होऊ दे, मंग पाहू.’’ जेसीबी दिवाळीनंतरवर गेला.

दिवाळी पुढच्या महिन्यात आहे. त्या दोन ओळींचे पैसे दरवर्षी पगारातून द्यायची तयारी मी दाखवली आहे. काका अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत.