सव्वादोन फूट

बारा वर्षांत भुंगा माझ्यावर एकदाच गुरगुरला. गाडीची डिकी उघडी होती. नवऱ्याने त्याला छातीखालून धरलं होतं आणि मी मागच्या मांड्यांखाली हात घातले होते. 'एक, दोन' म्हणून आम्ही उचलायला लागलो आणि तीन म्हणायच्या आत तो आवाज आला. चावला नाही. उलट लगेच स्वतःच ओशाळला आणि माझं मनगट चाटत बसला. चौतीस किलोचा काळा लॅब्राडोर आपल्या चुकीबद्दल माफी मागतोय आणि चूक तर आमची, हे दृश्य फार वाईट असतं. त्याच दिवशी नवऱ्याची कंबर धरली. भुंगा गोळी घेऊन झोपला, नवरा मात्र चार दिवस कण्हत होता.

डॉक्टरांनी एक्सरे काढला. कमरेच्या सांध्यांची झीज. उडी बंद, जिना कमी, वजन चार किलो उतरवा. आणि घरातली माणसांची दुखण्यावरची गोळी चुकूनही देऊ नका, आयब्रुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटाची आणि मूत्रपिंडांची वाट लागते, असं त्यांनी बजावलं. नवऱ्याच्या गोळीतला अर्धा तुकडा भुंग्याला द्यावा का, हा विचार आदल्या रात्रीच माझ्या मनात येऊन गेला होता. ते मी डॉक्टरांना सांगितलं नाही.

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'चढणे' आणि 'चढवणे' हा फरक दरवर्षी फळ्यावर लिहायचे. बाळ जिना चढते. आई बाळाला जिना चढवते. दुसरं प्रयोजक क्रियापद, करणारा एक आणि करवून घेणारा दुसरा. पुढचा धडा शक्य क्रियापदाचा. 'आजीला आता जिना चढवत नाही.' इथे आजीला कोणी चढवत नाही असा अर्थ नाही, तिच्याच्याने चढणं होत नाही असा आहे. मुलं इथे हमखास गोंधळायची, कारण रूप तेच. 'मी त्याला चढवते' आणि 'त्याला चढवते'. मधून एक 'मी' काढला की प्रयोजकाचं शक्य होतं. हे वाक्य मी किती वेळा उदाहरण म्हणून दिलं असेल! ते डिकीपाशी उभं राहून समजायचं होतं.

म्हणून फळी. लगेच मोजपट्टी घेतली. आमच्या वॅगनआरच्या डिकीचा काठ जमिनीपासून सत्तावीस इंचांवर, म्हणजे सव्वादोन फूट. व्हीलचेअरसाठी सार्वजनिक इमारतीत जो उतार लागतो त्याचं प्रमाण एकास बारा असतं: एक फूट चढायला बारा फूट लांबी. त्या हिशेबाने भुंग्याला सत्तावीस फूट फळी लागली असती. म्हणजे गाडी आमच्या फाटकात आणि फळीचं टोक समोरच्या वाण्याच्या दुकानात. (हे प्रमाण कळल्यापासून मी पुण्यातले रॅम्प बघायला लागले आहे. कित्येक ठिकाणी ते नियम पाळल्याचा पुरावा म्हणून बांधलेले असतात. त्यावरून व्हीलचेअर न्यायची तर ढकलणारा पहिलवान हवा.) कुत्र्याला चार पाय आहेत, सहा फुटांत भागेल असं ठरवलं.

भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात प्लायवुडच्या दुकानदाराने विचारलं, "ताई, कपाटाला पाहिजे का?"

"कुत्र्याला."

तो हसेल असं वाटलं होतं. त्याने फक्त विचारलं, "वजन किती?" आणि ऐकून म्हणाला, "मग नुसता बारा एमएम वाकेल. खालून रिपा मारा. आणि मरीनच घ्या, पावसात साधा फुगतो." सोळा इंच रुंदीचे, तीन-तीन फुटांचे दोन तुकडे त्यानेच कापून दिले, कारण अखंड सहा फुटांची फळी गाडीत घातली तर भुंग्याला बसायला जागा उरत नव्हती.

दोन तुकडे म्हणजे बिजागऱ्या आल्या. त्या मी वरच्या अंगाने बसवल्या. दिसायला छान दिसत होत्या. भुंग्याच्या आधी चाचणी म्हणून दहा किलो तांदळाची पिशवी मधोमध ठेवली आणि फळी पुस्तक मिटावं तशी मिटत खाली गेली. तांदूळ अंगणभर. ते वेचताना कळलं: बिजागरी वर असली तर वजनाने फळी मिटते. खालच्या अंगाला असली तर दोन्ही तुकड्यांच्या वरच्या कडा एकमेकींवर दाबल्या जातात आणि फळी ताठ राहते. पण मग मिटताना खालच्या रिपा एकमेकींवर आपटतात. म्हणून एका तुकड्याच्या रिपा जरा आत सरकवल्या, दुसऱ्याच्या बाहेर. आता मिटल्यावर त्या बोटांत बोटं गुंतवावीत तशा शेजारी शेजारी बसतात. साठीला आलेल्या बाईने एवढ्यावर किती खूश व्हावं? मी नवऱ्याला फळी चार वेळा उघडून-मिटून दाखवली.

वर काय लावायचं, हा खरा प्रश्न. आधी प्लास्टिकचं हिरवं गवत चिकटवलं. भुंगा आला, वास घेतला, तेच समजून त्याने तिथेच लघवी केली. मग काथ्याचं पायपुसणं. ते त्याच्या तळव्यांना टोचत असावं, कारण तो पाऊल ठेवून लगेच उचलायचा. शेवटी तो ज्या जुन्या सतरंजीवर सात-आठ वर्षं झोपला, तीच फाडून खिळ्यांनी ठोकली. नखं तिच्यात रुततात, आणि तिला त्याचाच वास. त्यावर फूटफूट अंतराने आडव्या पट्ट्या.

तरी तो चढेना. फळी डिकीला लावली की लांब जाऊन पाठ करून बसायचा. मी पुढून भाकरीचा कोर दाखवला, मागून ढकललं, आणि ढकलल्याबरोबर लक्षात आलं की हे परत प्रयोजकच झालं. मग फळी नुसती अंगणात पसरून ठेवली. तिसऱ्या दिवशी तो तिच्यावर जाऊन झोपला. मग एका टोकाखाली एक वीट, दोन दिवसांनी दुसरी. गाजराचा तुकडा वरच्या टोकाला. पाच विटांपर्यंत आम्ही आलो आणि तिथे पंधरा दिवस अडकलो.

वाट सापडली ती आजोळच्या आठवणीत. आजोबा म्हैस टेम्पोत चढवायचे तेव्हा फळी-बिळी काही नसायची. टेम्पो मागे घेत घेत शेताच्या बांधाला भिडवायचे आणि म्हैस सपाट रस्त्यावरून चालावी तशी आत जायची. आपण जनावराला उंच करायला बघतो; ते गाडी खाली आणायचे. आमच्या गल्लीत बांध नाही, पण फुटपाथ आहे, चांगला आठ इंचांचा. गाडी मागे घेऊन त्याला लावली, फळीचं खालचं टोक फुटपाथवर टेकवलं आणि सत्तावीसचे एकोणीस इंच झाले. त्या संध्याकाळी भुंगा चालत गाडीत गेला. मागचा डावा पाय दोनदा थरथरला. मी हात पाठीमागे बांधून उभी होते, न धरण्यासाठी.

महाप्रस्थानाच्या कथेत इंद्र रथ घेऊन येतो, युधिष्ठिराला बस म्हणतो, आणि तो कुत्र्याशिवाय बसत नाही. वर्गात मी यावर निष्ठा, धर्म, करुणा सगळं शिकवलं. हिमालय चालून थकलेलं ते कुत्रं रथात चढणार कसं, हा प्रश्न एकाही मुलाने विचारला नाही आणि मलाही पडला नाही. रथाचा काठ सव्वादोन फुटांपेक्षा खाली नसणार. पुढे ते कुत्रं म्हणजे साक्षात धर्म निघतो, त्यामुळे व्यासांची सुटका झाली.

उतरणं चढण्याहून अवघड असतं, हे नंतर कळलं. कुत्र्याच्या वजनाचा साधारण 60 टक्के भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. उतरताना तो आणखी पुढे जातो. म्हणून उतरताना मी फळीच्या बाजूने चालते, पट्ट्यात दोन बोटं अडकवून. ओढत नाही, नुसती असते.

गेल्या रविवारी आम्ही त्याला खडकवासल्याच्या पुढे, पानशेतच्या रस्त्याला पाण्याच्या कडेला नेलं. पिल्लू असल्यापासूनची त्याची जागा. सात महिन्यांनी आला होता. रस्त्याच्या कडेचा उंचवटा बघून गाडी मागे घेतली, फळी टाकली, तो उतरला, आणि सरळ पाण्यात पोटापर्यंत जाऊन उभा राहिला. पोहला नाही. तासभर नुसता उभा, मधूनच जिभेने पाणी लपलप करत.

ऊन चढलं तसं नवऱ्याने फळी परत लावली. भुंगा बाहेर आला, अंग झाडून आम्हा दोघांना भिजवलं, फळीपर्यंत आला. पुढचे दोन पाय वर ठेवले. मग आमच्याकडे बघितलं, पाय काढून घेतले आणि वळून परत पाण्याकडे गेला.

"दमलाय का गं?" नवरा म्हणाला. "उचलायचं का?"

दमला नव्हता. लहानपणी तो हेच करायचा. घरी जायचं म्हटलं की पाण्यात. तेव्हा त्याला पकडून आणायला मी गुडघाभर चिखलात पळालेली आहे. त्याला चढवत होतं. त्याला चढायचं नव्हतं. मी डिकीच्या काठावर बसले आणि डब्यातली पोळी काढली.