हलाल तर झालं होतं

गेल्या हिवाळ्यात सातवीच्या एका मुलानं मला मधल्या सुट्टीत गाठलं. "सर, छऱ्यानं पाडलेला होला हलाल असतो का?"

उर्दू शाळेत मी विज्ञान शिकवतो, दीनियात नाही. तरी उत्तर ठाऊक होतं. छर्रा मार देतो, त्याला धार नसते. जीव असताना सुरी फिरली तर हलाल, आधीच जीव गेला तर मुर्दार. मुलगा खूश होऊन पळाला. मी मात्र दिवसभर अस्वस्थ होतो. कारण लहानपणी जयगडच्या सड्यावर हाच हिशोब करत मीही पाखरांमागे धावलो होतो.

मामूंनी मुंबईहून छऱ्याची बंदूक आणली होती. नळी मोडायची, साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा बसवायचा, नळी सरळ करायची. काजूच्या बागेत आम्ही चार पोरं. एकाच्या हाती बंदूक, माझ्या खिशात सुरी. एके दिवशी होला पडला. पंख अजून फडफडत होते. बिस्मिल्लाह म्हणून मी सुरी फिरवली. वेळेत पोहोचलो याचा केवढा आनंद!

घरी दादी पिसं काढायला बसली. गळ्याखालची पिशवी फाटली आणि दह्यासारखं पांढरं काहीतरी बाहेर आलं. दादीनं माहेरी कबुतरं पाळलेली. तिचे हात थांबले. "याची पिल्लं आहेत रे कुठंतरी," एवढंच ती म्हणाली. रात्री ते सालन मी खाल्लं. मांस मूठभरही नव्हतं.

पुढे वाचनात आलं की होला-कबुतरांत नर-मादी दोघंही गळ्यात असं दूध तयार करून पिल्लांना भरवतात. घरट्यात पिल्लं बहुधा दोनच. हेही कळलं की १९७२च्या वन्यजीव कायद्यानं या पाखरांना संरक्षण आहे आणि १९९१च्या दुरुस्तीनं शिकारीचे परवानेच बंद केले. कमी ताकदीच्या बंदुकीला परवाना लागत नाही, म्हणून शिकारही चालते, असा आपल्याकडे समज आहे. तो चुकीचा आहे.

डॉ. सलीम अली लहानपणी मुंबईत छऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारत. १९०८च्या सुमारास त्यांनी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही खाल्लेली चालेल का, असं त्यांनी मामू अमिरुद्दीन तय्यबजींना विचारलं. पण ही चिमणी कोणती, हाही प्रश्न होता. मामूंनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. तिथून पक्ष्यांचा एवढा मोठा जाणकार घडला. अभ्यासासाठी पुढेही त्यांनी पक्षी मारले, हेही खरं. पण ते पहिल्या प्रश्नावर थांबले नाहीत. आम्ही तिथंच थांबलो.

नाहक मारलेल्या चिमणीचाही जाब द्यावा लागेल, असं हदीसमध्ये आलं आहे. भूक नसताना, नुसत्या नेमाच्या हौसेखातर घेतलेला जीव हकानं घेतला, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला बोलावून मी दादीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प उभा होता. मग म्हणाला, "सर, त्या पिल्लांचं काय झालं?"

काय सांगणार? आम्ही शोधायलाच गेलो नव्हतो.