दहा हजार वॅटचा डबा

दिवाळीला आंधळगावी घरी गेलो तर धाकट्या चुलतभावाचा हट्ट तयारच होता, "दादा, मंडईच्या आधी सबवूफर पाहिजे. दहा हजार वॅटवाला." पैसे काकांचे, म्हणजे मागावर कोशाचं कापड विणून जमवलेले. म्हटलं, चला, आपल्या इंजिनिअरिंगचा घरी काही उपयोग होतो का बघू.

खोक्यावरचा तो आकडा पीएमपीओचा असतो. तो कसा मोजायचा याला कुठलंच स्टँडर्ड नाही. आपण डबा फिरवून मागचं लेबल वाचायचं. बोर्डातून ६० वॅट घेणारा प्राणी सतत ६० वॅटपेक्षा जास्त देऊच शकत नाही. (थर्मोमध्ये केटी लागलेल्यालाही हे पटेल!) म्हणून आरएमएस विचारा. आणि वॅट दुप्पट केले तरी आवाज वाढतो फक्त ३ डेसिबलने.

दुकानात आधी गाणं बंद ठेवून डब्याला कान लावा. 'हुंऽऽ' असा हम येत असेल तर रात्री झोपताना तोच ऐकावा लागेल. मग मोबाईलवरच्या टोन जनरेटरने १२० हर्ट्झपासून ३० पर्यंत हळूहळू खाली या. दुकानदार "काय करून राहिले जी?" म्हणेल, म्हणू द्या. मध्येच एखादा सूर एकदम अंगावर आला, तर तो डबा प्रत्येक गाण्यात तोच सूर ठोकणार. खाली गेल्यावर पोर्टमधून नुसती फुसफुस आली, की त्याची हद्द संपली.

पण खरी परीक्षा ढोलकीची. बेस सुरू झालेला सगळ्यांनाच कळतो. तो थांबतो कधी, ते ऐका. खडी गंमतीत ढोलकीवर थाप पडली की संपली, पुढची वेगळी. खराब डब्यात दोन थापा चिकटून खिचडी होते. दुकानदाराच्या धडाम-धुडूम डेमोत हे लपून जातं, म्हणून गाणं आपलं न्यावं. काकांना यातलं काही समजावून सांगावं लागलं नाही. जन्मभर मागाचा ठोका ऐकलेला माणूस! दोन डब्यांपैकी लहानाकडे बोट दाखवून म्हणाले, "हा मोजून ठोकते." भावाचं तोंड पडलं, पण डबा तोच आला. पैसेही वाचले.

घरी आणल्यावर दुसरा पेपर, खोलीचा. खोली ४ मीटर लांब असेल तर ४३ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतीपाशी दणदणतो आणि मधोमध गायब होतो. उपाय मजेदार आहे. जिथे बसून ऐकायचं त्या जागी डबा ठेवा आणि आपण भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे थापा सुट्या ऐकू येतील, ती डब्याची जागा. मी रांगताना काकू पोट धरून हसली.

तरी काहीतरी खडखडतच होतं. शेवटी फळीवरची भांडी खाली उतरवली, तेव्हा ते थांबलं. आपल्या होस्टेलच्या लोखंडी कपाटांचीही हीच तऱ्हा आहे. वरची बादली आधी काढा आणि मगच सबवूफरला शिव्या द्या.